मात कुणाला झाली?

राजा उदयभानाने मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेआधी दवंडीच पिटवली होती : "युवराजाला जो मात देईल, तो सहकुटुंब राज्याबाहेर! आणि जो मुद्दाम हरेल, तोही!"

आता खेळायचं तरी कसं? पोरं गुपचूप हरत आणि संशय नको म्हणून वर भोकाड पसरत. अशा रीतीने युवराज चंद्रभान तीन वर्षं पहिला येत होता आणि मनातून खजील होत होता.

यंदा शेवटच्या डावात त्याच्यासमोर बसली भिवरा, लाकडी मोहरे घडवणाऱ्या कातारी बापाची बारा वर्षांची लेक. तिला हरायचं नव्हतं, आणि गाव तर मुळीच सोडायचं नव्हतं.

राजा शेजारीच लोडाला टेकला होता. दुसऱ्याचा डाव बघताना गप्प बसणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. "हत्ती काढ! अरे, उंट सांभाळ!" चाललंच होतं. अर्ध्या डावात भिवराच्या ध्यानात आलं, की मारायला मोहरा दिसला की महाराजांना दम निघत नाही. तिने आपला वजीर उचलला आणि सरळ युवराजाच्या हत्तीपुढे ठेवला!

"यात काहीतरी काळंबेरं आहे," युवराज पुटपुटला. त्याचा हात घोड्याकडे गेला.

"घोडा कसला हलवतोस? वजीर मार!" राजा ओरडला.

"पण आबासाहेब, घोडा हलवला तर..."

"मार म्हणतो ना! हुकूम आहे माझा!"

युवराजाने मुकाट्याने वजीर मारला. भिवराने प्यादं एक घर पुढे सरकवलं. "शह आणि मात!"

भिवराने मान ताठच ठेवली.

"माझी दवंडी ऐकली होतीस ना, पोरी?" राजा गरजला.

"तोंडपाठ आहे, महाराज! म्हणून तर युवराजांना मी हरवलंच नाही."

"मग ही मात कुणाला झाली?"

"युवराज घोडा हलवून वाचत होते, सगळ्यांनी पाहिलं. वजीर मारायची चाल तुमची! आणि महाराजांना हरवणाऱ्याला काय शिक्षा, ते दवंडीत नव्हतं."

युवराज खो खो हसत सुटला. राजाने हसू दाबून पाहिलं, मिशी थरथरली, आणि तोही इतका हसला की पाठीमागचा लोड घरंगळला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने भिवराला दिलं.

"दवंडी रद्द! आणि चंद्रभान, ऊठ तू तिथून! पोरी, मांड पुन्हा डाव. आता मला समोर बसून हरव बघू!"