हिरव्यांचं खातं

"मेलेल्या माणसाचं खातं ठेवायचं कशाला, सर?"

निनाद खरोटेने हे विचारलं तेव्हा मुजावर सर रुग्णालयाच्या संगणक कक्षात चहा घेत होते. निनाद त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आता आपण त्यांच्या पुढे गेलो, अशी त्याची मनोमन खात्री होती.

सदानंद हिरवे वारले होते. रक्तपेढीचा सगळा डेटाबेस त्यांनीच उभा केलेला. त्यांचं संगणकावरचं खातं काढून टाका, असा वरून निरोप होता. पण संगणक ऐकेना. या खात्याच्या मालकीचे नोंदींचे तक्ते अजून आहेत, एवढंच तो सांगत राहिला.

"आधी ते तक्ते दुसऱ्या कुणाच्या नावावर कर," सर म्हणाले. "मग खातं काढ."

"अख्खा दिवस जाईल. आज्ञेत एक शब्द वाढवला, की सगळं एका फटक्यात साफ."

"तक्त्यांसकट?"

"जुनाट पसारा असणार, सर. गेला तर गेला."

"उघडून बघितलास?"

निनाद कळफलकाकडे वळला.

सर दुपारच्या नमाजाला उठले. निनादने तो शब्द वाढवला. खातं गेलं. त्याला हायसं वाटलं.

तेवढ्यात रक्तपेढीतून फोन आला. पलीकडची बाई रडकुंडीला आली होती.

"साहेब, रक्तदाते दिसत नाहीत हो! बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये. बॉम्बे गट आहे तिचा, दुसरं कुठलंच रक्त चालत नाही. असे दाते गावात मोजकेच, त्यांचे नंबर त्यातच..."

निनादने घाईघाईने बॅकअप शोधला. रात्री घेतलेली प्रत शाबूत होती, पण ती परत चढवायला वेळ लागणार होता. सर आले, शेजारी खुर्ची ओढून बसले. रागावले नाहीत. ते त्याला जास्त लागलं.

बाहेरगावच्या रक्तपेढ्यांना फोन लावले. कुठेच ते रक्त नव्हतं.

संध्याकाळी तक्ते परत आले. घामाने भिजलेल्या निनादने सगळ्या नोंदी ताडून पाहिल्या.

"आलं, सर! सगळं परत आलं. एकही कमी नाही."

सरांनी खिडकीचा पडदा सारला.

खाली शववाहिका उभी होती. तिच्या उघड्या दाराशी एक तरुण, छातीशी तान्हं मूल धरून...

निनाद बघत राहिला.

"पुन्हा मोज," सर म्हणाले.