बुरुडाच्या लेकीचे बूट

नदीकाठच्या एका गावात एक बुरूड राहत होता. त्याची सुपं आणि टोपल्या पाच गावांत जात. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याला मुलगी झाली. तिचं नाव शेवंती. नाकीडोळी नीटस, पण दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडे पाहणारे.

शेजारीण बघायला आली ती विचारतच, "ग्रहणात काही चिरलंस का गं?" त्या दिवसापासून बुरुडीण बाळाचे पाय दुपट्यात झाकून ठेवू लागली.

बुरुडाला ते बघवेना. पंधरा दिवसांच्या शेवंतीला घेऊन दोघं तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी पाऊल हातात घेतलं, हळूच फिरवून पाहिलं आणि आधी आईकडे वळल्या.

"तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. अशी पावलं घेऊन पुष्कळ मुलं जन्मतात. ती सरळ करता येतात."

दर आठवड्याला बाई पाऊल थोडं थोडं बाहेर वळवत आणि तसंच धरून प्लास्टर घालत. सहा आठवडे असं चाललं. मग टाचेमागची आखडलेली शीर मोकळी करायला त्यांनी एक लहानसा छेद दिला. त्यानंतर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. ते निघालं तेव्हा दोन्ही पावलं सरळ होती.

"झालं ना बाई?" बुरुडाने विचारलं.

"अर्धं झालं." बाईंनी एका पट्टीला जोडलेले दोन छोटे बूट त्याच्या हातात ठेवले. "तीन महिने फक्त अंघोळीपुरते काढायचे. नंतर झोपताना घालायचे, पण चार वर्षांची होईपर्यंत रोज."

तीन महिने नेमाने गेले. पुढे मात्र बूट दिसले की शेवंती रडू लागे. पाय तर दिसायला अगदी सरळ. एके दिवशी बुरुडाने बूट फळीवर ठेवून दिले.

"अहो, बाईंनी चार वर्षं सांगितलंय," बुरुडीण म्हणाली.

"बाईंना हाडं कळतात, वाकवणं मला कळतं. बांबूची कामटी शेकायची, वाकवायची, बांधून वाळू द्यायची. वाळली की दोरी सोडली तरी बाक जात नाही. जन्म गेला माझा यात."

बुरुडिणीने बूट फळीवरच राहू दिले. लेक शांत झोपत होती, तेही तिला हवंच होतं.

चार महिन्यांनी शेवंती धरून उभी राहू लागली. एका सकाळी अंगण नुकतंच सारवलेलं, आणि ती टोपल्यांच्या चळतीला धरून त्यावरून चार पावलं चालली. बुरूड कौतुकाने बघायला वाकला आणि तसाच थांबला. ओल्या सारवणात पावलाची फक्त बाहेरची कड उमटली होती. अंगठ्याचा पत्ताच नव्हता.

हातातली टोपली अर्धी टाकून, शेवंतीला उचलून तो तसाच तालुक्याला निघाला. बाईंपुढे त्याने काही लपवलं नाही, कामटीचंही सांगितलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "कामटी तोडलेल्या बांबूची असते. बेटातला उभा बांबू कधी वाकवलाय?"

"वाकवलाय की. सोडला की परत जातो जाग्यावर." आपलंच उत्तर ऐकून तो खाली बघू लागला.

"हिचं पाऊल वाढतंय. वाढणारं पाऊल जुन्या वळणाकडे ओढ घेतं. म्हणून तर चार वर्षं."

"मग आता?" त्याने विचारलं.

"आता पुन्हा प्लास्टर. वेळेत आलात, तीन-चारांत सरळ होईल."

तिसरं प्लास्टर निघालं आणि शेवंतीचे तळवे पुन्हा जमिनीला सपाट टेकले. बुरूड दवाखान्याच्या पायरीवर बसूनच राहिला. बुरुडिणीने पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा कुठे तो उठला.

त्यानंतर बुटांची एकही रात्र चुकली नाही. शेजारीण दारातून म्हणे, "लेक झोपायला निघालीय की लढाईला?"

"लढाईलाच," बुरूड पट्टा आवळत म्हणे.

शेवंतीला चार वर्षं पुरी झाली. बाईंनी तिला चालवलं, उकिडवं बसवलं, उठवलं. "आता बूट नकोत."

"अजून एक वर्ष घालू का?"

"नको."

"सहा महिने तरी?"

"बाई, यांना आता थांबा म्हणून सांगावं लागतंय," बुरुडीण म्हणाली, आणि बाई हसू लागल्या.

ही बातमी लेकीला सांगायला बुरूड वळला, तर ती खोलीत नव्हतीच. दवाखान्याच्या पायऱ्या उतरून ती रस्त्याने पळत सुटली होती. धोतर सावरत तो मागे धावला, पण चौकापर्यंत काही ती त्याच्या हाती लागली नाही.

तात्पर्य: गुण दिसू लागला की उपाय सोडावासा वाटतो, तो नेमका तेव्हाच धरून ठेवावा लागतो.