मार्थाबाईचं आधण

गोदावरीपासून तीन कोसांवर, खडकाळ माळाच्या कुशीत गव्हाळी नावाचं एक गाव आहे. नथनेलबाबा तिथे राहायला आले तेव्हा लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. सुकाळातली गावं संतांना का दिसत नाहीत, हे त्यांचं त्यांना ठाऊक! प्रार्थनामंदिराच्या पडवीत बाबांनी घोंगडी अंथरली, उशाशी पवित्र शास्त्र ठेवलं, आणि संसार थाटून झाला.

बाबांची शिकवण थोडक्यात होती. घरात दाणा नसला तरी चूल पेटवावी, आधण ठेवावं आणि देवाची वाट बघावी. "पाहुणा येणार म्हटल्यावर आपण आधी पाणी तापवतो ना? मग देणाऱ्याचा एवढा तरी मान ठेवा," बाबा म्हणत.

गावातल्या ख्रिस्ती मंडळीचा पंच शमुवेल आढाव याला ही शिकवण पोरकट वाटे. शमुवेल शिकलेला होता, त्याच्या घरावर कौलं होती आणि त्याची प्रार्थना गावात सर्वांत लांब होती. ती संपेपर्यंत लहान मुलं झोपी जात आणि मोठी माणसं देवाच्या सहनशीलतेचा नव्याने विचार करत. शिवाय त्याच्या खळ्यात जोंधळ्याने भरलेलं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेली रांजणासारखी खोल खोली, माणूस जेमतेम उतरेल एवढ्या तोंडाची. तोंड शेणामातीने लिंपलं की दाणा आत वर्षानुवर्षं टिकतो. मात्र एकदा फोडलं की सगळं उपसावं लागतं. अर्धवट ठेवलेला दाणा हवा लागून नासतो.

हा नियम शमुवेलच्या फार कामी येई.

"एका शेरासाठी पेव फोडू कसं?" दारात आलेल्याला तो कळवळून सांगे. "बाकीचं नासेल. देवाच्या देण्याची नासाडी माझ्या हातून व्हायची नाही."

मनात मात्र त्याने श्रावणात चढणारा दाण्याचा भाव धरून ठेवला होता. ज्येष्ठ सरेपर्यंत गव्हाळीत भुकेने गेलेल्या सात जणांना मूठमाती दिली गेली. सातही वेळा शमुवेलने कबरीपाशी प्रार्थना केली, आणि एकदाही ती आखडती घेतली नाही.

त्याच्या घरासमोर मार्थाबाईचं खोपट होतं. मार्थाबाई विधवा, कबरस्तानातल्या त्या सातांपैकी एक तिचा जावई. मुलगी सलोमी घरात बाळंतीण होती, पोरगी अकरा दिवसांची. सलोमीच्या पोटात दोन दिवस अन्न नव्हतं, म्हणून अंगावर दूध नव्हतं. पोरगी आधी रडत होती. त्या सकाळी ती रडायची थांबली, आणि ते जास्त वाईट होतं.

मार्थाबाई पडवीशी जाऊन उभी राहिली. तिने काही मागितलं नाही. मागण्याचं बळ ती शमुवेलच्या दारात खर्चून आली होती.

"चूल पेटवलीस का?" बाबांनी विचारलं.

"कशासाठी, बाबा? टाकायला दाणा न्हाई घरात."

"ते बघणारा वेगळा आहे. आपलं काम पाण्याचं. जा, आधण ठेव. आटलं तर भर घाल. मी येतोच."

थोड्या वेळाने शमुवेलला ओसरीवरून समोरच्या खोपटातून धूर निघताना दिसला. धूर बघून त्याला राग आला. रागाचं कारण त्याला सापडेना, तेव्हा तो ते शोधायला उठून पलीकडे गेला.

"काय शिजतंय, मार्थाबाई?"

"पानी हाय, दादा."

"नुसतं पाणी?" त्याने डेचकीत डोकावून पाहिलं. मग दारातूनच हाक दिली, "अरे, या रे सगळे! मार्थाबाईकडे आज मेजवानी आहे. पाण्याची भाजी, पाण्याचं कोरड्यास. देवदूत वाढायला येतायत, तेवढी पत्रावळ आपापली आणा!"

दोन-चार जण जमले. उपाशी माणसांना हसायला जोर लागतो, तरी पंच हसतो म्हणून ते हसले. एवढ्यात नथनेलबाबा आले आणि चुलीजवळ जमिनीवर बसले.

"बाबा, तुम्ही हिच्या डोक्यात हे भरवलंत," शमुवेल म्हणाला. "अंधश्रद्धा आहे ही. देव हात-पाय हलवणाऱ्याला देतो."

"खरं आहे," बाबा म्हणाले. "हिने पाणी आणलं, लाकडं फोडली. आता कुणीतरी दुसऱ्याने हात-पाय हलवायचेत. कोण हलवतो ते बघत बसलोय."

कोनाड्याशी सलोमी पडली होती. तिने तोंड फिरवून घेतलं. पाणी उकळत होतं आणि मार्थाबाई भर घालत होती.

तेवढ्यात शमुवेलचा सालगडी हरबा धापा टाकत आला. "पंच! खळं खचलं! पेवाचं तोंड आत गेलं, वरून माती पडतीय दाण्यात!"

दोन वर्षं तापलेली जमीन भेगाळली होती. त्याच दिवशी, त्याच घटकेला ती बसली. मार्थाबाईने पदर डोक्यावर घेतला. शमुवेलचं मात्र तिच्याकडे लक्षच नव्हतं. तो पळत सुटला होता.

पेव फुटलं की पहिलं काम दम धरण्याचं असतं. आतली कोंदटलेली हवा विषारी असते. दोरीने कंदील आत सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि गेल्याच वर्षी शमुवेलने यावर सर्वांना तासभर समज दिली होती. पण माती दाण्यात पडताना दिसली आणि शमुवेल तासभराचं सगळं विसरला. "दोरी धर!" एवढंच हरबाला ओरडून तो आत उतरला.

पाय दाण्यात रुतले. त्याने ओंजळी भरभरून ओच्यात, बंडीत, उपरण्यात जोंधळा कोंबायला सुरुवात केली. मग त्याला झोप येतेय असं वाटलं. प्रार्थना करावी म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि इतकी वर्षं पाझरणाऱ्या त्या प्रार्थनेचा एक शब्द आठवेना. आठवला तो श्रावणातला भाव.

वर हरबाने हाका मारल्या. उत्तर आलं नाही. कंदील सोडला तो विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. तिसऱ्यांदाही तेच. लोक मागे सरले.

नथनेलबाबा चालत आले. त्यांनी कंदील हातात घेतला, पेटवला आणि दोरी कमरेला बांधायला सांगितली.

"बाबा, नका! मेलाच असंल त्यो," हरबा म्हणाला.

"असेल," बाबा म्हणाले. "पण जाऊन बघायला हवं. देवाने त्याच्या हाती एक देणं दिलंय, ते अजून पोचलेलं नाही."

बाबा उतरले. कंदील त्यांच्या हातात जळत राहिला! तोच कंदील, तेच तेल, तीच हवा. ज्योत साधी थरथरलीही नाही. शमुवेलने डोळे किलकिले केले तेव्हा त्याला जोंधळ्यावर उजेड दिसला आणि उजेडात बाबांचे अनवाणी पाय.

"ऊठ, शमुवेल. आधण उकळतंय," बाबा म्हणाले.

दोघांना वर ओढलं. शमुवेल मातीत पडून ओकत राहिला. त्याला हलवलं की ओच्यातून, बंडीतून जोंधळा सांडे. बाबांनी त्याला निगुतीने झटकलं, जसं पोतं झटकावं तसं, आणि सांडलेला जोंधळा उपरण्यात बांधला. दोन शेर भरला. मार्थाबाईने दाणे जात्यावर भरडून कण्या उकळत्या पाण्यात सोडल्या. सलोमीने पेजेचं वाडगं दोन्ही हातांनी धरून संपवलं. दुपार कलताना पोरगी ओठ हलवू लागली, आणि दिवेलागणीला तिने गाव ऐकेल असा टाहो फोडला. गव्हाळीत कुणाला रडणं इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

बाबांची छाती मात्र त्या हवेने कायमची धरली. ते पुढचा उन्हाळा पाहू शकले नाहीत.

पेव फुटलं होतं, म्हणजे उपसणं भाग होतं. तीन दिवस दाणा घरोघर गेला. चौथ्या दिवशी शमुवेल पडवीत आला. बाबा खोकत बसले होते.

"बाबा, तुमच्या देवाने त्या घरी वेळेवर पाठवलं. मग आधीच्या सात घरांना का नाही?" तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता.

बाबांनी खोकला आवरला. मग म्हणाले, "पाठवलं होतं, शमुवेल. दर वेळी पाठवलं होतं. तुझ्या खळ्यापर्यंत आलं होतं."

शमुवेल पांढरा पडला. तो बाबांच्या पायांवर वाकू लागला, तर बाबांनी पाय मागे घेतले. "इथे नाही. ज्या चुलीला हसलास तिथे जा."

भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, पंच रस्ता ओलांडून गेला. मार्थाबाई चुलीपुढे होती. त्याने पागोटं काढलं, खाली ठेवलं आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर कपाळ टेकलं. लांब प्रार्थनेच्या माणसाला दोनच शब्द जमले. "चुकलो, बाई."

मार्थाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिचा जावई त्या सातांत होता. मग तिने फुंकणी बाजूला केली.

"उठा, दादा. सलोमीच्या नवऱ्याला ह्यातलं काय मिळालं न्हाई, ते मी विसरायची न्हाई. पन तुमी जेवलाय का?"

शमुवेल तीन दिवस जेवला नव्हता. तिने त्याच्यापुढे वाडगं ठेवलं. त्याने ते दोन्ही हातांत धरलं, आणि त्याची मान काही केल्या वर होईना.