शेवग्यावरचा मुका पावशा

पूर्वी वेत्रवती नगरीत सुवर्मा राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व पावशा पक्षी होऊन जन्मला होता. पावशाची पिल्ले परक्या घरट्यात वाढतात, म्हणून आई कशी असते हे त्याला कधी कळले नाही. वेशीजवळ सुनेत्रा नावाची विधवा राहत असे. तिच्या दारातल्या शेवग्यावर बसून तो रोज साद घाली.

त्या देशी अशी रीत होती, की लग्न होऊन जाताना मुलीने आईच्या दारात शेवगा लावायचा आणि त्याचा पहिला तुरा सासरी पोचला की मगच तिला माहेरी धाडायचे. ही रीत कोणी काढली कोण जाणे. आईला विचारून तर नक्कीच काढली नसावी. सुनेत्राची लेक मृणाला दूरदेशी होती आणि झाड अजून फुलले नव्हते.

पावशा ओरडला की सुनेत्राला लेकच हाक मारते आहे असे वाटे. एके दिवशी तिला ते सोसेना. "मेल्या, गप्प बस ना रे!" म्हणत तिने खडा मारला. पावशा उडून बांबूच्या बेटात गेला.

पुढे पतंगांनी शेवग्यावर अंडी घातली. त्यांतून निघालेले केसाळ सुरवंट रात्री पाला खात आणि दिवसा बुंध्याला घोळक्याने चिकटून बसत. इतर पाखरे त्या केसांना चोच लावीनात. झाड खराट्यासारखे दिसू लागले. शेजारचा भद्दक पेटता पलिता घेऊन आला.

"जाळून टाकतो, मावशी. सगळे असंच करतात."

"अरे, सालही जळेल! झाड गेलं तर माझी पोर कशी येईल?" म्हणत ती बुंध्याला पाठ लावून उभी राहिली आणि रडू लागली.

ते रडणे पावशाने ऐकले. केसाळ सुरवंट हेच तर त्याचे अन्न. तो परत आला आणि दिवसामागून दिवस बुंधा साफ करीत राहिला. पण आपला आवाज तिला सोसत नाही हे जाणून त्याने चोचीतून साद म्हणून काढली नाही. नदीपलीकडून एखादी मादी साद घाली, तेव्हा त्याचा जीव तुटे. तरी तो मुकाच राहिला.

माघात शेवगा फुलला. व्यापाऱ्यांचे तांडे नेणाऱ्या सार्थवाहांबरोबर तुरा गेला आणि चैत्रात मृणाला आली. आईच्या मिठीतून सुटल्यावर तिने वर पाहिले.

"आई, हा पावशा बोलत नाही का गं?"

सुनेत्रा खाली बसली. "मीच त्याला गप्प केलं होतं," ती म्हणाली आणि फांदीकडे पाहून हाक मारली, "बोल रे बाळा."

त्याला आजवर कोणी बाळ म्हटले नव्हते. त्याने साद घातली.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "आज लेकीसाठी झुरणारी ही उपासिका उत्पला तेव्हाची सुनेत्रा, तिची लेक ती मृणाला, उतावळा भिक्षू नंदक तो भद्दक, आणि पावशा मी होतो. दुसऱ्याची ओढ ओळखून आपली ओढ गिळणे, ही करुणा."