पाच देवळांतला एक दोरा

पूर्वी शोणा नदीच्या काठी कुंभावती नावाचे नगर होते आणि तेथे राजा वीरसेन राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्या राजाच्या पदरी न्यायाधीश म्हणून जन्माला आले होते.

कुंभावतीत पाच देवळे होती. महादेवाचे, विष्णूचे, देवीचे, गणपतीचे आणि नदीपलीकडे सूर्यनारायणाचे. प्रत्येक देवळाभोवती एक आळी वसली होती, आणि प्रत्येक आळीला आपल्या देवाविषयी जेवढी भक्ती होती तेवढाच दुसऱ्यांच्या देवाविषयी संशय होता. महादेवाच्या आळीत देवीचा प्रसाद कोणी तोंडात घालत नसे. देवीच्या टेकडीवर विष्णूच्या आळीतला माणूस दिसला, तर लोक आधी त्याच्या हातांकडे पाहत. गाय आटली तरी पलीकडच्या आळीने काही केले असेल असेच म्हणत.

या नगरात नवस करण्याची एक रीत होती. नवस करणारा देवळातल्या खांबाला दोरा बांधी आणि मागणे पुजाऱ्याच्या कानात सांगे. ते मागणे पुजाऱ्याने गाठ सुटेपर्यंत ओठांवर आणायचे नाही. मागणे पुरे झाले की बांधणाऱ्याने स्वतः येऊन गाठ सोडायची. तो नसेल तर त्याच्या रक्ताच्या माणसाने सोडायची. गाठ कापायची मात्र कोणी नाही.

महादेवाच्या आळीत सोमक आणि पिंगल हे दोघे नावाडी भाऊ राहत. आईबाप लवकर गेले होते. पिंगलला सोमकानेच वाढवले होते. धाकट्याच्या केसांना जन्मापासून तांबूस झाक होती, म्हणून त्याचे नाव पिंगल. तो आता वीस वर्षांचा होता, अंगाने दणकट आणि रागाने त्याहून दणकट.

त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस पिंगल तापाने पडला. आठ दिवस तो शुद्धीवर नव्हता. वैद्याने त्याचे केस उतरवायला लावले. नवव्या दिवशी ताप उतरला. दहाव्या दिवशी सकाळी सोमकाने त्याला पेज पाजली, अंगावर पांघरूण घातले आणि म्हणाला, "पडून राहा. मी जाऊन येतो." तो एकटाच रिकामी नाव घेऊन पैलतीराकडे निघाला. नदीला पूर होता. वरून वाहत आलेला एक ओंडका नावेवर आदळला. दुपारी नाव सापडली. सोमक दुसऱ्या दिवशी सापडला.

पिंगल रडला नाही. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारीत राहिला. पुरात, उतारू नसताना, दादा पलीकडे का गेला? त्याला कोणी पाठवले?

मनात असा प्रश्न असला की त्याला उत्तर पुरवणारे भेटतातच. एक शेजारी म्हणाला, "आठवड्यापूर्वी संध्याकाळी मी सोमकाला देवीची टेकडी चढताना पाहिलं. लपतछपत जात होता."

"दादा? देवीकडे? आमच्या घरातून कोणी तिकडे जात नाही."

"म्हणून तर सांगतो. ती कौशिकी म्हातारी काही साधी नाही."

पिंगल तडक टेकडीवर गेला. कौशिकी ही देवीची वृद्ध पुजारीण होती. ती अंगण झाडत होती. तिच्याशी न बोलता तो आत शिरला. शेंदराने माखलेल्या खांबावर दोऱ्यांची दाटी होती. एखाद्यात आंब्याचे पान गुंतवलेले होते, एखाद्यात हळकुंड. खालच्या बाजूला एका दोऱ्यात केसांची बट होती. केस तांबूस होते.

त्याचा हात आपल्या बोडक्या डोक्याकडे गेला. दोऱ्यात केस बांधतात ते करणी करणारे, हे नगरातल्या लहान मुलालाही ठाऊक होते. पिंगलला सारे एका क्षणात उलगडल्यासारखे वाटले. करणी त्याच्यावर केली होती. दादाला ते कळले, दादा आडवा आला आणि दादाचा जीव गेला.

"म्हातारे, हे केस माझे आहेत! कोणी बांधले? बोल!"

कौशिकीने दोऱ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आले. पण ती काही बोलली नाही.

"आता का वाचा बसली? माझा भाऊ खाल्लास तेव्हा मंत्र बरे आठवले!"

कौशिकीने पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी पिंगल महादेवाची आळी घेऊन राजसभेत उभा राहिला. करणी करणाऱ्याला कुंभावतीत एकच शिक्षा होती. त्याला वल्ह्याशिवाय नावेत बसवून पुरात सोडत. पिंगलने तीच मागितली. "माझा भाऊ ज्या पाण्यात गेला त्याच पाण्यात हिला घाला. मी स्वतः नाव ढकलीन."

राजा वीरसेनाने बाहेरच्या जमावाकडे पाहिले आणि बोधिसत्त्वांना बाजूला घेतले. "न्यायाधीश, केस सापडले आहेत आणि म्हातारी गप्प आहे. आणखी काय हवं? आज निकाल दिलात तर आळ्या शांत होतील. महाअमात्याची जागा रिकामी आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे."

"महाराज, अपराधी माणूस बहुधा पुष्कळ बोलतो," बोधिसत्त्व म्हणाले. "ही मरण समोर असूनही गप्प आहे. हिच्या तोंडाला कुणी कुलूप लावलंय, ते मला पाहू द्या. मला एक दिवस द्या."

"आणि जमाव बिथरला तर?"

"तर जागा दुसऱ्या कुणाला द्या."

राजाला हे आवडले नाही, पण त्याने एक दिवस दिला.

बोधिसत्त्वांनी पाचही देवळांचे खांब पाहण्याची आज्ञा केली. पुजारी रागावले. विष्णूचा पुजारी म्हणाला, "आमच्याकडे असली घाण नसते." गणपतीच्या पुजाऱ्याने सांगितले की आपला खांब तर रोज पुसला जातो. संध्याकाळपर्यंत शोध संपला. विष्णूच्या खांबावर तांबूस केसांचा दोरा होता. रोज पुसल्या जाणाऱ्या खांबावरही होता. महादेवाच्या देवळात, पिंगलच्या स्वतःच्या आळीत, नंदीमागच्या खांबावर तसाच दोरा होता. पलीकडे गेलेला शिपाई परत आला आणि म्हणाला, "सूर्यनारायणाकडेही आहे."

मग संशयाला ऊत आला. महादेवाची आळी म्हणाली, देवीवाल्यांनी आमच्या देवळात शिरून बांधला. देवीवाले म्हणाले, विष्णूवाल्यांनी आमच्यावर आळ यावा म्हणून पाचही ठिकाणी बांधला. पाचही पुजाऱ्यांना विचारले, आणि पाचही पुजारी कौशिकीसारखेच खाली पाहत गप्प उभे राहिले. पिंगल ओरडला, "पाहिलंत? सगळे सामील आहेत! पाच देवांनी मिळून माझा एक भाऊ मारला!"

त्या पाच गप्प तोंडांकडे पाहताना बोधिसत्त्वांना कुलूप कोणते ते कळले. एरवी एकमेकांचे पाणी न पिणारे हे पाच जण कट करून गप्प राहणे शक्य नव्हते. ते गप्प होते, कारण पाचही जण एकच रीत पाळत होते.

सकाळी बोधिसत्त्व पिंगलला घेऊन देवीच्या टेकडीवर गेले. मागून सगळे नगर चढत आले.

"पोरा, ती गाठ सोड," बोधिसत्त्व म्हणाले.

"मी? करणीची गाठ मी सोडू?"

"तुझ्या केसांची आहे. दुसऱ्या कुणी हात लावला तर तुलाच संशय येईल."

पिंगल खाली बसला. शेंदूर आणि तेल साचून गाठ दगडासारखी झाली होती. त्याने नखाने शेंदूर खरवडला. मग त्याच्या बोटांनी, त्याला न विचारता, दोऱ्याची दोन टोके धरली आणि ओढण्याऐवजी आत ढकलली. गाठ अलगद सुटली.

त्याने सुटलेला दोरा तळहातावर घेतला.

ती नावाड्यांची गाठ होती. ओढली की आवळते, ढकलली की सुटते. पिंगल चार वर्षांचा असताना नावेतून पाण्यात पडू नये म्हणून सोमक त्याचा पाय दोरीने खुंटीला बांधी. तो रडू लागला की म्हणे, "ओढू नकोस वेड्या, ढकल." ती गाठ त्या पायावरच तो शिकला होता.

"दादाची आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. मग तो मोठ्याने म्हणाला, "ही दादाची गाठ आहे. पण केस? दादा माझ्यावर करणी का करील?"

बोधिसत्त्वांनी विचारले, "उतारूंची गाठोडी पलीकडे नेताना कोणतं कोणाचं हे तुम्ही कसं ओळखता?"

"ज्याचं गाठोडं त्याच्या अंगावरचं काहीतरी बांधतो. चिंधी, मणी. आम्हाला अक्षर कुठं येतं?" एवढे बोलून तो थांबला. त्याचा हात पुन्हा डोक्याकडे गेला, आणि या वेळी तिथेच राहिला.

आता गाठ रक्ताच्या माणसाने सोडली होती. बोधिसत्त्व कौशिकीकडे वळले. "आई, आता बोलता येईल."

कौशिकीने खांबाला हात लावून नमस्कार केला आणि मग ती बोलली. "तो आला तेव्हा धापा टाकत होता. म्हणाला, 'आजी, माझा धाकटा तापानं जळतोय. हे त्याचे केस, म्हणजे चूक व्हायला नको. काल महादेवाला सांगितलं, उद्या विष्णूकडे जातो, गणपतीकडे जातो, पलीकडे सूर्याकडेही जातो. तू रागावू नकोस.' मला हसू आलं. मी म्हटलं, 'अरे, इतकी दारं ठोठावतोस, कोणावरच विश्वास नाही का तुझा?' तर म्हणाला, 'तसं नाही आजी. अलीकडचे मला सोमक म्हणून हाक मारतात, उतारू म्हणतात नावाडी, पोरं म्हणतात काका, पलीकडचे तर नुसतं अरे ए म्हणतात. मी सगळ्या हाकांना जातो, कारण मी एकच आहे. तोही एकच असणार. पण त्याचं कोणतं नाव घेतलं की लवकर वळून बघतो, हे मला ठाऊक नाही. आणि पोराकडे वेळ थोडा आहे.'"

टेकडीवर पाच आळ्यांची माणसे होती. मागची माणसे ऐकायला पुढे सरकली.

"ताप उतरला त्या दिवशी तो पायथ्यावरूनच ओरडून गेला," कौशिकी म्हणाली. "म्हणाला, 'आजी, उद्या गाठी सोडायला येतो. आधी पलीकडची सोडतो, लांबची आधी.'"

दादा पुरात पलीकडे का गेला, ते पिंगलला समजले. त्याने कपाळ दगडावर टेकले. मग तो वर पाहून बोधिसत्त्वांना म्हणाला, "ऐकणारा एकच होता, तर त्यानं माझ्यासाठी मागितलेलं ऐकलं आणि दादाला बुडू का दिलं?"

सगळे न्यायाधीशांकडे पाहू लागले. एखादे गोड उत्तर दिले असते, तर त्या दिवशी लोकांनी ते डोक्यावर घेतले असते.

"ते मला ठाऊक नाही," बोधिसत्त्व म्हणाले. "या म्हातारीनं त्याला मारलं नाही, एवढं मला ठाऊक आहे. ते तू आज स्वतः पाहिलंस. आणखी चार गाठी राहिल्या आहेत. त्याचं काम अर्धं राहिलंय."

पिंगल उठला. तो विष्णूच्या देवळात गेला आणि गाठ सोडली, गणपतीच्या देवळात गेला आणि सोडली, मग महादेवाच्या. प्रत्येक ठिकाणी पुजाऱ्याचे तोंड मोकळे झाले, आणि प्रत्येकाने सांगितले की सोमकाने आपल्याजवळही हेच मागितले होते. मागून पाच आळ्यांची माणसे येत होती. कित्येकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या देवळाचा उंबरा ओलांडला. आत जाऊन ती इकडेतिकडे पाहत. काहींना अजून धास्ती वाटत होती, आणि काहींना आत काही वेगळे दिसत नाही याचेच नवल.

शेवटची गाठ पलीकडे होती. भाऊ गेल्यापासून पिंगलने नावेला हात लावला नव्हता. त्याने नाव पाण्यात लोटली तेव्हा काठावरून कौशिकी म्हणाली, "मलाही ने. मलाही पलीकडचा देव पाहायचा आहे." ती नावेत बसली, तिने इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "वल्ही घेतलीस ना रे?"

त्या दिवसांत पिंगल पहिल्यांदा हसला, आणि हसता हसताच त्याला पहिल्यांदा रडू आले. नाव पलीकडे लागेपर्यंत तो रडत होता आणि वल्हवत होता. म्हातारी काही बोलली नाही. गप्प बसणे तिला येत होतेच.

ते दोघे परत आल्यावर बोधिसत्त्वांनी पाचही दोरे घाटावर टोकाला टोक लावून ठेवायला सांगितले. कापलेली टोके एकमेकांशी जुळली. एकाच जुन्या दोरीचे ते पाच तुकडे होते. पिंगलने ती लांबी हाताने मोजली आणि तो आपल्या नावेत बसला. एक टोक घोट्याशी धरले आणि दुसरे खुंटीकडे नेले. ते अंतर बरोबर त्या दोरीएवढेच होते.

महाअमात्याची जागा राजाने दुसऱ्या कोणाला दिली. कुंभावतीच्या आळ्या पुढेही भांडल्याच. पण वल्ह्याशिवाय नाव सोडण्याची शिक्षा त्या वर्षापासून बंद झाली, आणि नवसाच्या दोऱ्यात केस बांधणाऱ्याला त्या नगरात पुन्हा कोणी करणी करणारा म्हटले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, विहाराच्या अंगणात सांगितली. सुमागध नावाच्या तरुण भिक्षूचा वडील भाऊ थोड्याच दिवसांपूर्वी त्याच विहारात वारला होता. भावाचे भिक्षापात्र जागेवर दिसेना, तेव्हा ते विहार झाडणाऱ्या वृद्ध भिक्षुणीने चोरले असे सुमागध सर्वांना सांगत फिरत होता. ती भिक्षुणी काही उत्तर देत नव्हती. मरणाऱ्याने ते पात्र तिच्याजवळ ठेवायला दिले होते आणि वचन घेतले होते की धाकट्याचे मन स्थिर होईपर्यंत ते दाखवू नये.

कथा संपवून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची कौशिकी म्हणजे ही अंगण झाडणारी भिक्षुणी. पिंगल म्हणजे हा सुमागध. न्यायाधीश मीच होतो."

सुमागधाने मान खाली घातली. पुढचे विचारण्याचे त्याला धैर्य झाले नाही, म्हणून शास्त्यांनीच सांगितले. "आणि सोमक म्हणजे तुझाच भाऊ. तेव्हाही तो तुझाच होता."

भिक्षुणी उठून आत गेली आणि पात्र घेऊन आली. सुमागधाने ते दोन्ही हातांनी घेतले.

शास्ता म्हणाले, "दुःखाला आधी कोणीतरी अपराधी हवा असतो. अशा वेळी हात आवरून गाठ नीट पाहणे, हीच प्रज्ञा."