रणधीररावांची अख्खी तबकडी

शेवरी संस्थानात रणधीरराव नावाचे राजे होते. नेम तसा बरा, पण डोकं महातापट.

त्यांच्या आजोबांच्या काळी नेमबाज पेटीतून सोडलेली जिवंत कबुतरं मारत. "त्या बिचाऱ्यांनी आपलं काय घोडं मारलंय?" असं म्हणून आजोबांनी ते बंद केलं आणि खड्ड्यांत बसवलेल्या यंत्रांतून मातीच्या तबकड्या उडवायला लावल्या. नियमही त्यांनीच घातले. तबकडी कुठल्या खड्ड्यातून येणार, ते सांगायचं नाही. बार एकच. नुसती धूळ उडाली तर धरायचं नाही. तुकडा पडलेला डोळ्यांनी दिसला पाहिजे. जिंकेल त्याने चांदीची ढाल न्यावी.

गादीवर येताच वर्षाच्या पहिल्याच शर्यतीत रणधीररावांचा नेम चुकला. ते पंच सुभानजींवर खेकसले, "खड्डा आधी सांगायला काय जातं तुमचं?"

खड्डा सांगायचं ठरलं. पुढच्या खेपेला पुन्हा चुकला. "एका बारात काय होतंय? दोन द्या!" दोन दिले. तरी एक तबकडी नुसता धुरळा उडवून अख्खी निघून गेली. राजे लालबुंद झाले.

"धूळ उडाली म्हणजे लागलीच! आंधळे आहात का?"

"सरकार, थोरल्या महाराजांचा नियम..."

"चुलीत गेला तुमचा नियम!"

सुभानजींनी वहीत 'लागली' असं लिहिलं. त्यांनी तेव्हाच ताडकन उठून जायला हवं होतं, पण नाही गेले. मग काय, ढाल दरवर्षी राजांच्याच दिवाणखान्यात. बाकीचे नेमबाज यायचेच बंद झाले. असल्या शर्यतीत कोण झक मारायला येणार?

एके दिवशी शेजारच्या संस्थानच्या राणी मृणालिनीराजेंचा निरोप आला. "यंदा शर्यत आमच्याकडे. हिंमत असेल तर ढाल घेऊन या." ढाल गाडीत घालून आणि सुभानजींना बरोबर घेऊन राजे तणतणत गेले.

शेवटच्या फेरीपर्यंत दोघं बरोबरीत होते. राणीसाहेबांची तबकडी फुटली. आता रणधीररावांची पाळी. "सोड!" ते गरजले. ते बघत होते एका खड्ड्याकडे, तबकडी आली दुसऱ्यातून. घाईघाईने बार काढला. धूळ उडाली आणि तबकडी गवतात जाऊन पडली.

"लागली!" राजे ओरडले.

"हुकली," तिथला पंच म्हणाला.

राजांनी बंदूक आपटली. "शुद्ध लबाडी! कुठल्या गाढवाने केले हे नियम?"

मृणालिनीराजेंनी तबकडी मागवली आणि त्यांच्या हातात ठेवली. तिला साधा टवकाही उडाला नव्हता.

"तुमच्या आजोबांनी," त्या म्हणाल्या. "आम्ही त्यातला एकही बदलला नाही."

राजांनी तबकडी उलटीपालटी करून पाहिली. मागे सुभानजी कुणी न सांगताच ढाल गाडीतून उतरवत होते.

तात्पर्य: हरल्याच्या रागात जो नियम वाकवतो, तो स्वतःचाच नेम बिघडवून बसतो.