बुडाली तर त्याची बाजू

एका खाडीकाठच्या गावात होड्या बांधणारे दोन भाऊ राहत. थोरला भागोजी होडीची उजवी बाजू बांधी. सुतळीने मोजल्याशिवाय तो एक खिळा ठोकत नसे. धाकटा जानू डावी बाजू बांधी. तो डोळे मिटून फळीवरून तळहात फिरवी आणि म्हणे, "लाट इथून अशी सरकेल." वडिलांनी एकच नियम घालून दिला होता. रोज जेवणानंतर दोघांनी बाजू बदलायची. त्यामुळे एकाच्या कामावरून दुसऱ्याचा हात फिरे.

एकदा नवी होडी बांधायला घेतली. ती समुद्रात नेणारा तांडेल काम पाहायला आला आणि म्हणाला, "जानूचा हात लागला की लाकडाचा मासा होतो!"

भागोजीच्या पोटात दुखलं. "मग माशाला खिळेही त्यानेच मारावेत," तो म्हणाला. "जानू, आजपासून बाजू बदलायची नाही. ज्याची बाजू सरस, त्याच्या नावाने कारखाना चालेल. बघू दे गावाला."

जानूलाही तेच हवं होतं. सल्ला विचारायला गाव दादाकडेच जाई, हे त्याला किती वर्षं सलत होतं!

होडी तयार झाली. शेवटच्या दिवशी भागोजीला डावीकडचा एक सांधा केसभर उघडा दिसला. जानूचा तळहात सहज उजव्या बाजूला टेकला, तर तिथे हवी तशी गोलाई नव्हती. दोघेही गप्प राहिले. 'बुडाली तर त्याची बाजू बुडेल,' भागोजी मनात म्हणाला. जानूही मनात तेच म्हणाला.

काठावर नारळ फुटला. पहिल्या फेरीला बांधणाऱ्यांनीच बसायचं, असा रिवाज. दोघे आपापल्या बाजूला बसले, एकमेकांकडे पाठ करून. खाडीच्या मध्यावर डावीकडून पाणी आत आलं. उजवीकडे लाट आदळली, ती सरकलीच नाही. होडी उलटली.

तांडेलाने दोघांना दोरीने ओढून काठावर घेतलं. "काय रे," त्याने विचारलं, "कोणाची बाजू बुडाली?"



दुसऱ्या दिवशी होडी वर काढली. भागोजी सुतळी घेऊन डाव्या बाजूला गेला. उघडा सांधा मोजता मोजता म्हणाला, "जानू, माझ्या बाजूवरून जरा हात फिरव. मला तिथलं कळत नाही."

तात्पर्य: आपल्या मेंदूचेही दोन भाग आहेत, एक मोजून पाहतो, दुसरा अख्खं रूप पाहतो, असं म्हणतात. माणूस असो वा समाज, एका भागाने दुसऱ्याचा हेवा केला की दोन्ही एकत्रच बुडतात.